पद्मिनीच्या ब्लॉकमधला गाळ

खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना पाणी उकळते, अशी तक्रार घेऊन 1978 सालची एक प्रीमियर पद्मिनी आमच्या पुण्यातील गॅरेजमध्ये आली. मालक निवृत्त शिक्षक होते आणि त्यांचे गाव पेणजवळ असल्यामुळे बोरघाट त्यांना टाळता येण्यासारखा नव्हता. आधीच्या एका गॅरेजने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप, काढून टाकला होता आणि फॅन बेल्ट बदलला होता. एवढे करूनही गाडी तापतच राहिली, तेव्हा मूळचा तांब्या-पितळेचा रेडिएटर काढून ॲल्युमिनियमचा बसवा, असा सल्ला त्यांना मिळाला होता. "दादा, वडिलांनी घेतलेली गाडी आहे, मूळचे जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवा," असे काका म्हणाले.

सुटे भाग उघडण्याआधी इंजिन गरम करून मी इन्फ्रारेड थर्मामीटरने जागोजागी तापमान घेतले. पुढच्या सिलिंडरपेक्षा मागच्या, चौथ्या सिलिंडरजवळचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनचा मुख्य भाग, स्पष्टपणे जास्त तापत होता. पाण्याचा पंप इंजिनच्या पुढच्या बाजूला असतो. पाणी मागे पोहोचेपर्यंत त्याचा वेग मंदावतो आणि गाळ बसायला तीच जागा सापडते. केवळ रेडिएटर बदलून हे दुखणे बरे होणार नाही, हे तेव्हाच लक्षात आले.

ब्लॉकचा ड्रेन कॉक, म्हणजे आतले पाणी सोडायची तोटी, पूर्ण उघडला, पण एक थेंबही बाहेर पडला नाही. म्हणून ब्लॉकच्या बाजूचा सर्वांत मागचा कोअर प्लग, म्हणजे पातळ पत्र्याचे गोल बूच, ठोकून काढले. तेथूनही पाणी आले नाही. समोर दिसली ती मडक्याच्या बुडासारखी घट्ट, तांबूस भिंत, आणि तिच्यावर बुचाच्या आतल्या बाजूचा ठसा जसाच्या तसा उमटलेला होता. इतकी वर्षे या कामात असूनही एवढा गच्च भरलेला ब्लॉक मी पाहिला नव्हता. या गाडीत वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरले गेले होते. प्रत्येक वेळी थोडे पाणी वाढवले की त्यातले क्षार आत राहत गेले आणि बिडाच्या ब्लॉकचा गंज त्यांच्यात मिसळत गेला.

बाजारात अशा वेळी सर्रास तेजाब ओततात. पद्मिनीचे हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा वरचा भाग, ॲल्युमिनियमचे आहे आणि तेजाब गंजाच्या आधी ते खाईल, म्हणून मी त्याला ठाम नकार दिला. सगळे कोअर प्लग काढले, वाकवलेल्या तारेने गाळ टोकरला आणि नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने पाण्याचा जोर दिला. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याचे पैसे मागताना गिऱ्हाइकाला पटवून द्यावे लागते, परंतु त्याला दुसरा सुरक्षित पर्याय मला माहीत नाही. दुपारनंतर कॉकमधून स्वच्छ पाणी वाहू लागले. मग बुचांच्या बैठका पॉलिश पेपरने घासून नवे प्लग बसवले.

रेडिएटर नाना पेठेतल्या एका जुन्या कारागिराकडे दिला. चाचांनी झाळ वितळवून वरची टाकी वेगळी केली, चपट्या नळ्यांतून पोलादी पट्टी घालून एकेक नळी मोकळी केली आणि टाकी पुन्हा डाग देऊन बसवली. नंतर हवा भरून रेडिएटर हौदात बुडवला, तेव्हा कुठेही बुडबुडा आला नाही. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला माझा विरोध नाही. पण जो पितळी रेडिएटर असा उघडून, साफ करून पुन्हा जोडता येतो, तो भंगारात घालणे मला मान्य नाही. रंगसुद्धा पातळ काळाच द्यायचा, कारण जाड थर उष्णता अडवतो.

पंपाच्या शाफ्टला खेळ, म्हणजे ढिलेपणा, होता आणि खालच्या छिद्राजवळ पाणी झिरपल्याचे डाग होते. मूळची बॉडी ठेवून बेअरिंग आणि सील नवे घातले. रबर कडक झालेली प्रेशर कॅप, म्हणजे आतला दाब धरून ठेवणारे रेडिएटरचे झाकण, तेही बदलले. कॅपने धरलेल्या प्रत्येक पौंड दाबामागे पाण्याचा उकळबिंदू साधारण 1.5 अंशाने वर जातो, आणि खंडाळ्याच्या उंचीवर उघडे पाणी 100 अंशांच्या आधीच उकळते, तेव्हा घाटात ही कॅप फार मोलाची ठरते.

थर्मोस्टॅट मी आग्रहाने परत बसवला. आपल्या उष्ण प्रदेशात त्याची गरज नाही, ही समजूत गॅरेजांत फार खोलवर रुजली आहे. प्रत्यक्षात त्याच्याशिवाय इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेते, तेलात ओल साचते, पेट्रोल जास्त लागते आणि सिलिंडर लवकर झिजतात. नवा थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात तापवून, तो त्यावर कोरलेल्या तापमानालाच उघडतो हे काकांसमोर दाखवले, तेव्हा त्यांची शंका फिटली.

शुद्ध पाणी आणि कूलंट समप्रमाणात मिसळून, गाडीचे नाक चढावर ठेवून, हवा अडकू नये म्हणून सावकाश भरले. त्यानंतर काका आणि मी खोपोलीपर्यंत उतरलो आणि तेथून जुन्या रस्त्याने घाट चढलो. वाटेत थांबून मी तापमान पुन्हा तपासले. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये आता नाव घेण्याजोगा फरक उरला नव्हता. वर पोहोचल्यावर काकांनी सवयीने डिकीतला पाण्याचा कॅन काढला, तेव्हा तो मी परत ठेवायला लावला, कारण त्यात बोअरचेच पाणी होते.