घरगल्ली, उंदीर आणि लेप्टो

गिरगावातल्या आमच्या चाळीमागच्या घरगल्लीत थोडा वेळ उभे राहिले, की उंदीर इथे का नांदतात हे निराळे सांगावे लागत नाही. वरच्या मजल्यांवरून भिरकावलेले खरकटे, फुटक्या पाइपातून ठिबकणारे पाणी आणि उखडलेल्या लाद्यांखालची पोकळी, एवढे मिळाले की उंदराला आणखी काही लागत नाही. मोरीच्या पाइपालगत भिंतीवर जो काळपट, तेलकट पट्टा दिसतो तो ओलीचा नसून, रोज त्याच वाटेने ये-जा करणाऱ्या उंदरांच्या अंगाचा मळ असतो. त्या पट्ट्याच्या मागावर गेल्यास भोक सापडते आणि ते नुसत्या मातीने नव्हे, तर तारेची जाळी कोंबून सिमेंटने बुजवावे लागते. पिंजरे लावण्याचा उत्साह आपल्याकडे दांडगा आहे, पण खरकटे तसेच राहिले तर पकडलेल्या उंदराची जागा दुसरा घेतो.

उंदरांमुळे पसरणारे रोग मुंबईला नवे नाहीत. १८९६ मध्ये इथल्या मांडवीत धान्याच्या वखारींच्या परिसरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसाला चावून हा रोग पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले.

लेप्टोस्पायरोसिस, म्हणजेच लेप्टो, या रोगाला मात्र पिसू लागत नाही आणि उंदीर चावावाही लागत नाही. याचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात, त्याला स्वतःला सहसा काही होत नाही आणि मूत्रावाटे ते चिखलात, तुंबलेल्या पाण्यात उतरतात. (कुत्रे आणि गुरेही हा रोग पसरवतात, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.) त्या पाण्यातून चालताना पायाची भेग किंवा साधे खरचटलेलेही जंतूंना शिरायला पुरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यानंतर शहरात लेप्टोचे रुग्ण वाढले, ते याच कारणाने.

ताप, डोळ्यांची लाली आणि पोटऱ्यांमधल्या असह्य वेदना एकत्र दिसल्यास अंगावर काढू नये, कारण पुढे कावीळ होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे. गरज वाटल्यास ते डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक देतात. सर्वाधिक धोका घरगल्ली साफ करणाऱ्या कामगाराला असतो, तेव्हा गमबूट आणि रबरी हातमोज्यांचा खर्च सोसायटीने पावसाळ्यापूर्वीच मंजूर करावा.