चुन्याची पुडी

केमिकलनं भाजलं म्हटलं की लोकांना कारखाना आठवतो. आमच्या कॅज्युअल्टीत तसलेही येतात. नायट्रिक अ‍ॅसिडनं बोटं पिवळी पडलेला हुपरीचा चांदी कारागीर येतो, चुन्यानं हात सोललेला गुऱ्हाळावरचा गडी येतो. पण मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती तंबाखूसोबत मिळणाऱ्या चुन्याच्या पुडीची. टपरीवरून घरात येते, कुठंही पडलेली असते. पोर ती दाबतं, दातानं फोडायला बघतं आणि चुना उडतो तो थेट डोळ्यात.

त्या दुपारी करवीर तालुक्यातल्या एका गावातून आजोबा नातवाला घेऊन आले. पोर चारेक वर्षांचं. दोघंही ओलेचिंब. मी आधी विचारलं, "डोळ्यात काय घातलं का?" कारण तूप, दूध, मध, सगळं घातलेलं मी बघितलंय, आणि त्यात गेलेला वेळ नंतर भरून निघत नाही.

"काय न्हाई घातलं, सिस्टर. रानात मोटार चालू हुती. तितंच निजवला आन् तांब्यानं पाणी वतत बसलो. लई वरडलं, पर सोडलं न्हाई."

"किती वेळ?"

"शेजारचा गाडी घिऊन येस्तवर. वाटंतबी कळशी हुती संगं."

असं ऐकायला क्वचितच मिळतं. तरीही पापणीच्या आत पीएचची, म्हणजे अ‍ॅसिड की अल्कली ते दाखवणारी, पट्टी लावली तर ती निळीच झाली; चुना अजून आत होता. चुना हा अल्कली, अ‍ॅसिडच्या उलट जातीचा. अ‍ॅसिड लागलं की कातडीतली प्रथिनं गोठतात आणि त्या थरानंच ते बऱ्याचदा अडतं. हायड्रोफ्लोरिकसारखं अ‍ॅसिड मात्र याला अपवाद. अल्कली पेशींमधल्या चरबीचा साबण करत आत शिरतं, काही मिनिटांत कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, पलीकडं पोचतं. म्हणून केसपेपर, वय, पत्ता सगळं नंतर. आधी धुणं.

डॉक्टरांनी बधिर करणारे थेंब टाकले. पोराला चादरीत गुंडाळलं, आमच्या वॉर्डातल्या मामांनी डोकं धरलं आणि मी सलाईनच्या बाटलीला सेट लावून धार सोडली. डॉक्टरांनी वरची पापणी उलटवली, मग आणखी एकदा उलटवली. अगदी आतल्या घडीत पांढरे कण चिकटून बसले होते. ते कापसाच्या काडीनं एकेक करून काढले. ते राहिले असते तर आम्ही कितीही धुतलं असतं तरी चुना विरघळतच राहिला असता. माझ्या मते या सगळ्या उपचारात हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा सुटते.

बाटल्यांमागून बाटल्या संपल्या. पट्टी सातच्या आसपास आली, म्हणजे ना अ‍ॅसिड ना अल्कली, तेव्हा थांबलो, थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा तपासलं, कारण आत मुरलेला अल्कली परत बाहेर झिरपतो.

सोबत आलेला शेजारी म्हणाला, "लिंबू पिळलं असतं तर चुना मेला नसता का?" नाही. अल्कलीवर अ‍ॅसिड घातलं की उष्णता निर्माण होते आणि जखमेत जखम वाढते. साधं नळाचं पाणी चालतं, भरपूर आणि बराच वेळ. कातडीवर कोरडा चुना पडला असेल तर मात्र आधी तो झटकायचा, मगच पाणी.

डोळा लालभडक झाला होता. आजोबा तो बघून रडायला लागले. मी त्यांना सांगितलं, लाल आहे म्हणजे रक्त पोचतंय. आम्ही घाबरतो ते पांढऱ्याफटक डोळ्याला. बुबुळाच्या कडेच्या रक्तवाहिन्या जळल्या की डोळा शांत दिसतो, पण कॉर्नियावर नवी पेशी आणणारं मूळच तिथं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी फ्लुरोसिन हा जखम दाखवणारा रंग घालून बघितलं. कॉर्नियाचा वरचा थर बराच सोलला होता, पण कड बहुतेक शाबूत होती. अँटिबायोटिक, बाहुली मोठी ठेवून दुखणं कमी करणारं अ‍ॅट्रोपीन, पहिल्या आठवड्यापुरते स्टेरॉइडचे थेंब आणि पोटातून व्हिटॅमिन सी सुरू झालं. पापणी डोळ्याला चिकटू नये म्हणून रोज काचेच्या कांडीनं आतली घडी मोकळी करायची. ते काम पोराला अजिबात आवडायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात थर भरून आला. नजर तपासायला चित्रांचा तक्ता लावला, तेव्हा पोरानं दुखऱ्या डोळ्यानं मासा आणि छत्री ओळखली, खालची बारीक चित्रं नाही. अश्रूंसारखे थेंब अजून चालू आहेत, पुढची तपासणी महिन्यानं.