'मेड इन जपान' आणि लेन्सचे चार कोपरे

वापरलेली लेन्स घ्यायला गेलेला माणूस आधी ती उलटी करून माउंटजवळची, म्हणजे कॅमेऱ्याला जोडतात त्या कड्याजवळची बारीक अक्षरं वाचतो. 'मेड इन जपान' दिसलं की जास्त पैसे मोजायला तयार, थायलंड किंवा चीन दिसलं की नाक मुरडणार. त्या अक्षरांतून कळतं ते एवढंच, की शेवटची जुळणी कुठे झाली. निकॉनच्या डी७५० कॅमेऱ्याची जुळणी थायलंडची, आतला प्रकाश टिपणारा सेन्सर सोनीचा. झाइसच्या झेडएफ लेन्सवर नाव जर्मन, बनवल्या जपानच्या कोसिनाने. जर्मन कंपनी लायकाचा पोर्तुगालमधला कारखाना तर १९७३ पासून चालू आहे. आणि १९५० च्या सुमारास जपानी माल म्हणजे स्वस्तातली नक्कल, असाच अमेरिकेत समज होता. अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन कोरियाच्या युद्धात निकॉनच्या निक्कोर लेन्स वापरू लागला, त्या फोटोंची धार लोकांनी पाहिली आणि मत बदललं.

खरा फरक असतो एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्ये. आतली एखादी काच केसभर सरकलेली किंवा कललेली असली तरी फोटोचा एक कोपरा पुसट येतो. लेन्स कधी पडली असेल तर ही शक्यता वाढते, मग ती कुठल्याही देशातली असो.

तपासायला सपाट भिंत, ट्रायपॉड आणि वर्तमानपत्राची पाच पानं पुरतात. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेरा बॉडीवर ५० मिमी लेन्स असेल तर अडीच मीटरवर उभं राहा. फ्रेममध्ये साधारण १.८ मीटर रुंद भिंत मावते. एक पान मध्यभागी लावा, बाकीची चार फ्रेमच्या चार कोपऱ्यांत. मधल्या पानाशेजारी छोटा आरसा भिंतीला सपाट चिकटवा आणि लेन्सचं प्रतिबिंब आरशात बरोबर समोर दिसेपर्यंत कॅमेरा हलवा. ही पायरी टाळली की कॅमेरा तिरका राहतो आणि दोष विनाकारण लेन्सच्या माथी बसतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, मोठं करून फोकस. मग पूर्ण उघड्या अॅपर्चरला (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान), एफ/४ ला आणि एफ/८ ला एकेक फोटो.

उघड्या अॅपर्चरला चारही कोपरे थोडे मऊ असतील तर काळजी नको, बहुतेक लेन्स तशाच असतात. तीन कोपरे ठीक आणि एकच वाईट, हे मात्र गंभीर. तेव्हा एकच पान आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा आणि दर वेळी नव्याने फोकस करा. तरीही तोच कोपरा पुसट, एफ/८ लाही सुधारत नाही, तर लेन्स परत करा. घरी उघडून बसवण्याच्या फंदात पडू नका. काच पुन्हा मध्यावर आणायला कारखान्यातलं उपकरण लागतं.

कोकणात, मुंबईत वापरलेल्या लेन्समध्ये बुरशी हमखास शोधावी. पुढून-मागून तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती घेऊ नका. बॉडीसाठी मोकळ्या आकाशाचा १/४००० सेकंदाचा फोटो घ्या. एका कडेला काळसर पट्टा आला तर शटरचा पडदा मागे पडतो आहे.

नवी वस्तू घेताना खोक्यावर 'आयातदार' पुढे कोणाचं नाव आणि पत्ता आहे ते वाचा. भारतातली वॉरंटी कोण देणार, हे तिथून कळतं.