स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर टॉरंट: माझा अनुभव

जुन्या लॅपटॉपची स्क्रीन गेली होती, बाकी सगळं ठणठणीत होतं. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, नेटवर्कची केबल जोडली, यूएसबीची मोठी डिस्क लावली आणि तो कपाटावर ठेवून दिला. हेतू एकच होता. लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कच्या फाइल्स) आणि इंटरनेट आर्काइव्हवरचे जुने संग्रह टॉरंटवरून, म्हणजे लोकांनी एकमेकांच्या यंत्रांतून तुकडे घेण्याच्या पद्धतीने, उतरवायचे आणि मग ते सतत सीड करत, म्हणजे इतरांना देत राहायचं. मी कित्येक वर्षं टॉरंटवरून घेत आलो, पण रोजचा लॅपटॉप मिटला की माझ्याकडून इतरांना मिळणं थांबायचं. ते मनाला लागून होतं.

क्लायंट, म्हणजे टॉरंट चालवणारा प्रोग्रॅम, निवडायला फार वेळ लागला नाही. क्यूबिटटॉरंटची विनाखिडकीची नॉक्स आवृत्ती आहे, डेल्यूज आहे, टर्मिनलमध्ये चालणारा आरटॉरंट आहे. मी ट्रान्समिशन घेतला, कारण त्याचा डीमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम) डेबियनच्या पॅकेजांमध्येच मिळतो, मेमरी कमी खातो आणि त्याला वेब इंटरफेस आहे. ॲप्ट इन्स्टॉलची एक आज्ञा, आणि सेवा चालूही झाली.

पहिली संध्याकाळ गेली ती सेटिंग्जच्या जेसन फाइलवर. डाउनलोडचा फोल्डर बदलला, पासवर्ड टाकला, फाइल सेव्ह केली, सेवा रीस्टार्ट केली. पाहतो तर सगळं जुनंच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला वाटलं मी चुकीची फाइल उघडतोय. खरं कारण असं की डीमन बंद होताना स्वतःच्या मेमरीतल्या सेटिंग्ज त्या फाइलवर लिहून टाकतो. रीस्टार्ट म्हणजे आधी बंद होणं आलं, आणि त्याच क्षणी माझे बदल पुसले जात होते. म्हणून आधी सेवा थांबवायची, मग फाइल बदलायची, मग सुरू करायची. थांबवायची नसेल तर फाइल बदलून रीस्टार्टऐवजी रीलोड द्यायचा. फाइल नीट वाचली गेली का, याची खूणही सापडली: आपण साध्या अक्षरांत लिहिलेला पासवर्ड सुरू झाल्यावर महिरपी कंसाने सुरू होणारा हॅश (गणिताने काढलेली अक्षरांची खूण) होऊन बसतो. तो हॅश दिसला की निश्चिंत व्हावं.

मग ब्राउझरमधून ९०९१ पोर्ट उघडला तर ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. ट्रान्समिशन मुळात फक्त १२७.०.०.१ वरून, म्हणजे त्याच यंत्रावरून, आलेली विनंती मान्य करतो. व्हाइटलिस्ट (परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी) बंद करून टाका, हा सल्ला सगळीकडे मिळतो. मी तो पाळला नाही, आणि कुणी पाळू नये असं मला मनापासून वाटतं. २०१८ साली गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षेतल्या त्रुटी शोधणाऱ्या गटातल्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी दाखवून दिलं होतं, की डीएनएस रीबाइंडिंगची युक्ती (वेबसाइटचं नाव मागाहून तुमच्याच यंत्राच्या पत्त्याकडे वळवणं) वापरून एखादं वेबपान तुमच्याच ब्राउझरमार्फत या डीमनला हुकूम देऊ शकतं. त्यानंतर होस्टच्या नावांचीही वेगळी व्हाइटलिस्ट आली. म्हणजे आयपीऐवजी सर्व्हरच्या नावाने गेलात आणि ४२१ हा नकार मिळाला, तर अडचण त्या दुसऱ्या यादीत आहे. मी एसएसएचचा (दुसऱ्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीचा) टनेल करतो: माझ्या लॅपटॉपचा ९०९१ पोर्ट सर्व्हरच्या लोकलहोस्टवरच्या (त्याच १२७.०.०.१ वरच्या) ९०९१ ला जोडायचा. डीमनला विनंती घरातूनच आल्यासारखी दिसते, व्हाइटलिस्टला हात लावावा लागत नाही आणि पासवर्ड नेटवर्कवर उघडा फिरत नाही.

परवानग्यांचं प्रकरण त्यामानाने लवकर मिटलं. डीमन 'डेबियन-ट्रान्समिशन' नावाच्या वेगळ्या युजरखाली चालतो, त्यामुळे माझ्या फोल्डरमध्ये त्याला लिहिता येईना आणि त्याच्या फाइल्स मला हलवता येईनात. स्वतःला त्याच्या ग्रुपमध्ये घातलं, फोल्डरला २७७५ परवानगी (ग्रुपलाही लिहिता येईल अशी) दिली आणि युमास्क (नव्या फाइलींवर कोणत्या परवानग्या नाकारायच्या तो आकडा) २ केला. इथे एक बारीक गोष्ट आहे. जेसनमध्ये ऑक्टल (अष्टमान) अंक लिहिता येत नाहीत, म्हणून डेबियन १२ मधल्या ३.०० आवृत्तीत युमास्क दशमान पद्धतीत लिहितात. फाइलमध्ये आधीपासून दिसणारे १८ म्हणजे प्रत्यक्षात ०२२.

खरा घाम काढला तो डिस्कने. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग वीज गेली आणि परत आली, लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच होती, त्यामुळे यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं. टनेल लावून पाहिलं तर प्रत्येक टॉरंट लाल, डेटा सापडत नाही असा संदेश. मी घाईने सगळ्यांवर पडताळणी चालवली. सगळे शून्य टक्क्यांवर आले. आणि मी सुरू करा दाबलं. तासाभरात एसएसएच अडखळायला लागलं, कारण सर्व्हरची मूळ डिस्क गच्च भरली होती.

झालं असं होतं: एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) मी यूएसबी डिस्कला नोफेल लावलं होतं, म्हणजे ती मिळाली नाही तरी बूट अडू नये. डिस्क जागी व्हायला वेळ लागला, डीमन तिच्या आधी उठला. माउंटच्या, म्हणजे डिस्क जोडली जाण्याच्या, जागी त्याला नुसता रिकामा फोल्डर दिसला. डिस्क पहिल्यांदा जोडण्यापूर्वी मीच तिथे फोल्डर करून त्याची मालकी डीमनला दिली होती, त्यामुळे त्याने बिनदिक्कत मूळ डिस्कवर उतरवायला सुरुवात केली.

उपाय दोन केले, आणि दोन्ही पहिल्या दिवशीच करायला हवे होते. सिस्टमडीच्या (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) एडिट आज्ञेने ट्रान्समिशनच्या सेवेला 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही ओळ जोडली, पुढे डिस्कचा मार्ग. आता डिस्क माउंट झाल्याशिवाय डीमन उठतच नाही. शिवाय डिस्क काढून, मूळ डिस्कवरचा पसारा पुसून, तो रिकामा फोल्डर सीएचएटीटीआर ही आज्ञा वापरून अचल केला, म्हणजे चुकूनसुद्धा त्यात काही लिहिलं जाणार नाही. मग डिस्क लावली आणि पुन्हा पडताळणी चालवली. टॉरंट फाइलमध्ये प्रत्येक तुकड्याचा एसएचए-१ हॅश असतो, त्याच्याशी डिस्कवरचा प्रत्येक तुकडा ताडून पाहिला जातो. रात्रभर ते चाललं. सकाळी सगळे शंभर टक्के. एक तुकडाही गेला नव्हता.

पोर्टचं काम मात्र माझ्या हातात पूर्ण नव्हतं. राउटरवर ट्रान्समिशनचा ५१४१३ पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या सर्व्हरकडे वळवल्या, तरी चाचणीत पोर्ट बंदच. राउटरचा बाहेरचा पत्ता पाहिला तर १०० ने सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला. हा पट्टा सीजीनॅटसाठी राखून ठेवलेला आहे: एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, तिथे आपलं फॉरवर्डिंग चालत नाही. बंद पोर्टनेही टॉरंट चालतं, आपण बाहेर जोडणी करू शकतो. पण समोरच्याचाही पोर्ट बंद असेल तर दोघांची सहसा गाठ पडत नाही. सीड करणाऱ्याला हे फार बोचतं. माझ्या कनेक्शनला आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) होतं, त्यावर राउटरच्या फायरवॉलमध्ये तोच पोर्ट उघडला आणि त्या वाटेने पीअर (टॉरंटमधले इतर सहभागी) येऊ लागले.

अपलोडला मर्यादा लगेच घाला. लाइनची पूर्ण अपलोड क्षमता टॉरंटने खाल्ली की डाउनलोडच्या पोचपावत्यासुद्धा रांगेत अडकतात आणि घरातलं साधं वेबपानही रेंगाळतं. ट्रान्समिशनमधला आकडा किलोबाइटमध्ये असतो, लाइनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात. माझी १० मेगाबिटची अपलोड लाइन म्हणजे सेकंदाला सुमारे १२५० किलोबाइट. मी ९०० वर ठेवली.

आता रोज वेब इंटरफेससुद्धा उघडत नाही. एसएसएचने आत जातो, ट्रान्समिशन-रिमोट या आज्ञेने टॉरंटची यादी बघतो, डिस्कवर किती जागा उरली ते बघतो, बाहेर येतो. यादीत एक जुना संग्रह आहे. मी घेतला तेव्हा एकच सीडर होता, तोही दिवसातून थोडाच वेळ दिसायचा. पूर्ण व्हायला अकरा दिवस लागले. हल्ली तो सीडर दिसत नाही. त्या टॉरंटवर मी रेशोची (घेतलेल्याच्या मानाने किती द्यायचं, याची) मर्यादा लावलेली नाही. काल रात्री दोन नवे पीअर तो माझ्याकडून घेत होते, एक ६२ टक्क्यांवर होता.