बीपीची गोळी महिनाभराची द्या

आज आत्याला घेऊन कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या उपकेंद्रात गेले होते. सिस्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पाच मिनिटं शांत बसवलं, मग मोजलं. 158/94.

"आत्या, गोळी चुकली का?"

"चुकली न्हाय बाई, संपली."

मागच्या खेपेला दहाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या, साठा कमी म्हणून. पुन्हा यायचं म्हणजे घेवड्याची खुरपणी बुडते, दिवसाची हजेरी जाते. बीपी काही दुखत नाही, मग हजेरीच जिंकते. यात आत्याचा काय दोष?

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशपातळीवरचा उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत आपला सातारा होता. त्याची सूत्रं साधी: ठरलेल्या गोळ्या, त्यांचा न तुटणारा साठा, घराजवळ तपासणी आणि प्रत्येक पेशंटची नोंद. न आलेल्याला फोन करायचा तो त्या नोंदीवरूनच.

आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण त्यासाठी ॲडमिट व्हावं लागतं. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळीला ते कार्ड चालत नाही. अर्धांगवायू झाल्यावर लाखांची सोय आणि तो टाळणारी स्वस्त गोळी मात्र संपलेली, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. सर्वांना आरोग्य द्यायचं तर सुरुवात उपकेंद्राच्या औषधाच्या कपाटापासून व्हायला हवी.

आज आत्याला तीस दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पुढच्या ग्रामसभेत साठ्याचा विषय मी मांडणार आहे. गावातल्यांनी नक्की या.