टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड जास्त झालं का?

मी जीवशास्त्र शिकवते आणि थायरॉइडची गोळीही बरीच वर्षं घेतेय, त्यामुळे ओळखीतलं कुणी रिपोर्ट दाखवायला आलं की प्रश्न ठरलेला असतो: "टीएसएच वाढलंय, म्हणजे थायरॉइड जास्तच झालंय ना, मग डॉक्टरांनी परत थायरॉइडचीच गोळी कशी दिली?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट लिहिते.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइडमध्ये बनतच नाही. ते बनतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची असते ती, आणि रक्तात थायरॉइडचं हार्मोन किती आहे यावर तिचं सतत लक्ष असतं. कमी पडलं की ती टीएसएच वाढवते, म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला अजून बनवायला सांगते, पुरेसं झालं की स्वतःच कमी करते. आता थायरॉइड ग्रंथीच दुबळी झाली असेल तर? बऱ्याच जणांमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती तिच्यावर हल्ला करत असते, हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला पडलं. अशा वेळी पिट्युटरी मागत राहते, ग्रंथीकडून काही येत नाही, आणि टीएसएच चढत जातं. तो आकडा मागणीचा आहे, पुरवठ्याचा नाही. गोळीतून पुरवठा झाला की मागणी आपोआप उतरते. उलट ग्रंथी जास्त काम करत असेल तर टीएसएच अगदी तळाला जातं आणि छातीत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं असं सुरू होतं.

हे एकदा समजलं की बाकीची बरीच हार्मोन्सही कळतात. कॉर्टिसॉल या हार्मोनचंच बघा, त्याच्यासारखंच काम करणारं स्टिरॉइड बाहेरून बरेच आठवडे घेतलं की पिट्युटरी मागणंच कमी करते आणि किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात, मग कुणी गोळ्या अचानक बंद केल्या तर बीपी कोसळून जिवावरही बेतू शकतं, म्हणून तो डोस डॉक्टर हळूहळू उतरवतात.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो "रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी बंद केली" हे ऐकलं की. अहो, नॉर्मल आला तो गोळीमुळेच! आणि बंद केल्यावर लगेच काही जाणवतही नाही, कारण रक्तातलं थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं थायरॉइडचं हार्मोन (रिपोर्टमधलं टी4), अर्धं व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे माणसाला वाटतं बघा काही झालं नाही, आणि मग काही आठवड्यांनी थकवा, थंडी, बद्धकोष्ठता, मन लागत नाही असं सगळं हळूहळू परत येतं. डोस बदलल्यावर टेस्ट 6 ते 8 आठवड्यांनी करायला सांगतात तेही यामुळेच, पंधरा दिवसांत केलेल्या टेस्टवरून नीट काही ठरवता येत नाही. गरोदरपणात तर गोळी मनाने बंद करूच नका, सुरुवातीचे महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असते, उलट डोस बऱ्याचदा वाढवावा लागतो, म्हणून कळल्या कळल्या डॉक्टरांना सांगा.

आता वाढलेलं प्रत्येक टीएसएच म्हणजे गोळी असंही नाही. टीएसएच थोडंसंच वर आणि टी4 नॉर्मल असेल तर बऱ्याचदा आधी टेस्ट परत करून बघतात. क्वचित पिट्युटरीच बिघडलेली असते, तेव्हा टीएसएच नॉर्मल दिसतं आणि टी4 मात्र कमी, म्हणून शंका असेल तर फ्री टी4 पण बघतात. केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर टेस्टच्या आधी सांगा, काही लॅबच्या मशीनवर त्याने आकडे चुकतात. आणि वजन वाढलं की सगळं थायरॉइडवर ढकलू नका, त्याने वाढतं ते सहसा थोडंच.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा-कॉफी, खाणं अर्ध्या ते एका तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये 4 तास जाऊ द्या.