तुम्ही विचारलंत म्हणून: सारकॉइड आहे, ‘डी’ कमी आलंय, पुडी घेऊ का?

सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या पेशींचे पुंजके तयार होण्याचा आजार) असलेल्या पेशंटच्या हातात रक्ताचा रिपोर्ट पडला की हा प्रश्न हमखास येतो. व्हिटॅमिन डी १४ आलंय, आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची पुडी सुरू करू का? आणि सोलापुरात एवढं ऊन असताना डी कमी कसं?

आणखी दोन-तीन तपासण्या होईपर्यंत पुडी नको.

लॅब एरवी मोजते ते २५-हायड्रॉक्सी डी, म्हणजे शरीरातला साठा. त्याचं कामाचं रूप बनतं मूत्रपिंडात, आणि कॅल्शियम पुरेसं झालं की तिथलं काम मंदावतं. सारकॉइडमध्ये फुप्फुसांत आणि छातीतल्या गाठींत पेशींचे पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, तयार होतात. त्यातल्या पेशीही हेच रूपांतर करतात, पण त्यांना आवर घालणारं कुणी नसतं. साठा भराभर वापरला जातो म्हणून रिपोर्टमध्ये कमी दिसतो, आणि तयार डी, म्हणजे ते कामाचं रूप, मात्र जास्त असू शकतं. अशा वेळी पुडी घेतली की कॅल्शियम चढतं, मुतखडे होतात, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढतं.

अर्थात प्रत्येकाचं असंच असेल असं नाही. दिवसभर यंत्रमागावर छताखाली उभा असणारा कामगार, घरात बसून बिड्या वळणारी बाई, यांना ऊन लागतच नाही; त्यांचं डी खरोखर कमी असू शकतं. म्हणून अंदाजावर जाऊ नका. डॉक्टरांना विचारून कॅल्शियम आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) एकत्र, क्रिएटिनिन, पीटीएच (कॅल्शियम वाढवणारं पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक) आणि १,२५-डायहायड्रॉक्सी डी, म्हणजे तयार डी, करून घ्या. शेवटची तपासणी महाग असते, पण निर्णयात तिचा मोठा वाटा असतो. कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिग्रॅ/डेसिलीटर असावं. ते जास्त आणि पीटीएच दबलेलं असेल, तर संशय सारकॉइडवर जातो. सगळं ठीक असून फक्त साठा कमी असेल, तर डॉक्टर रोजची छोटी मात्रा देऊन काही आठवड्यांनी कॅल्शियम पुन्हा बघतात.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असूनही लघवीतून जास्त जात असतं, हे पुष्कळदा सुटतं. त्यासाठी २४ तासांची लघवी जमवतात. सकाळची पहिली टाकून द्यायची, नंतरची सगळी डब्यात, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिलीही त्यातच. मधली एक वेळ चुकली तरी आकडा खोटा येतो.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असलं की हाडांसाठी कॅल्शियमची गोळी सहज लिहिली जाते, आणि हाडांच्या डॉक्टरांना सारकॉइडचं माहीत असेलच असं नाही. तुम्ही सांगा. गोळीच्या पाकिटामागे ‘कॅल्सिट्रिऑल’ लिहिलंय का तेही बघा: ते आयतं तयार डी आहे, सारकॉइडमध्ये सगळ्यात जास्त जपायचं ते याला. कॅल्शियम वाढलंय म्हणून स्टेरॉइड मात्र मनाने बंद करू नका. एक तर तेच कॅल्शियम खाली आणतं, आणि काही आठवडे घेतल्यावर एकदम थांबवलं तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टेरॉइड) कमी पडून बीपी कोसळू शकतं.

जेवणाची फार धास्ती नको. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी चालते. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतला तिळगूळही चालतो. ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून रोज मूठभर तीळ, नाचणीसत्त्व आणि वर डीयुक्त पावडर, हे मात्र टाळा. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यानेही कॅल्शियम वाढतं.

एप्रिल-मे सांभाळा. खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती. सोलापुरात याला ऊन लागलं म्हणतात आणि पन्हं देतात. हीच लक्षणं वाढलेल्या कॅल्शियमचीही असतात आणि पाणी कमी पडलं की ते आणखी चढतं. स्टेरॉइडने वाढलेल्या साखरेचीही तहान अशीच. सकाळच्या गोळीने साखर दुपारनंतर चढते, त्यामुळे उपाशीपोटीचा आकडा चांगला येऊन फसवतो. कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची साखर एकाच दिवशी करा. उलट्या थांबत नसतील किंवा बोलणं असंबद्ध होऊ लागलं, तर घरी सरबत पाजत बसू नका. कॅज्युअल्टीत न्या आणि आधी हेच सांगा: सारकॉइड आहे, कॅल्शियम बघा.